विद्यापीठात न गेलेल्या माणसाचे अध्यासन : ज्याँ मोने यांचे जीवनकार्य

विद्यापीठातील अध्यासनाला एखाद्याचे नाव द्यावयाचे झाल्यास ते बहुधा थोर पंडिताचे, संताचे, समाजसुधारकाचे किंवा उदार देणगीदाराचे असते. युरोपातील आणि आता युरोपाबाहेरीलही असंख्य विद्यापीठांत मात्र ज्या गृहस्थाच्या नावाने अध्यासने चालतात, त्यांनी स्वतः विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून कधीच चढली नव्हती. ते ब्रँडीच्या व्यापाऱ्याचे पुत्र होते. सोळाव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली. पुढे दोन महायुद्धांच्या काळात त्यांनी राष्ट्रांच्या कारभारावर प्रभाव टाकला, परंतु आयुष्यात एकही निवडणूक लढवली नाही. त्यांचे नाव ज्याँ मोने.

शतकानुशतके एकमेकांशी लढत आलेल्या युरोपीय राष्ट्रांनी आपले काही अधिकार एकत्र करून, समान नियमांनी व समान संस्थांच्या द्वारे एकत्र नांदावे, या प्रयत्नास युरोपीय एकात्मता असे म्हणतात. हा विषय शिकवण्यासाठी व त्यावर संशोधन करण्यासाठी युरोपीय आयोगाने १९८९ साली विद्यापीठांकरिता जो कार्यक्रम सुरू केला, त्यास मोने यांचे नाव देण्यात आले. हे नाव का दिले गेले हे समजण्यासाठी त्यांचे जीवन पाहणे उपयुक्त ठरेल.

कोन्याकचे घर

ज्याँ मोने यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८८८ रोजी फ्रान्सच्या पश्चिम भागातील कोन्याक या गावी झाला. या गावाच्या नावानेच तेथील द्राक्षांपासून काढलेली ब्रँडी जगभर ओळखली जाते. वडील ज्याँ-गाब्रिएल या ब्रँडीचा व्यापार करीत. माल इंग्लंड, कॅनडा, रशिया, इजिप्त अशा दूरदूरच्या देशांत जात असल्यामुळे घरातील जेवणाच्या टेबलावर परदेशी पाहुणे नेहमीच असत. लहानग्या ज्याँने भूगोल पुस्तकापेक्षा या पाहुण्यांच्या गप्पांतून अधिक शिकला. पाठांतराचा त्याला कंटाळा होता.

विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेची तयारी अर्धवट टाकून १९०४ साली तो लंडनला गेला. कंपनीच्या प्रतिनिधीच्या घरी राहून इंग्रजी भाषा व व्यापाराच्या रीती शिकण्यात त्याची दोन वर्षे गेली. त्यानंतर अठराव्या वर्षी त्याची रवानगी कॅनडाला झाली. निघताना वडिलांनी दिलेला सल्ला मोने यांनी वृद्धापकाळी लिहिलेल्या आठवणींत नोंदवला आहे. बरोबर पुस्तके नेऊ नकोस, गाडीच्या खिडकीतून बाहेर पाहा आणि माणसांशी बोल, असा त्याचा आशय होता.

कॅनडातील कॅल्गरी गावी घडलेला एक प्रसंगही त्यांच्या कायम स्मरणात राहिला. गावात फिरण्यासाठी वाहन कोठे मिळेल, अशी चौकशी त्यांनी एका अनोळखी माणसाकडे केली. त्या माणसाने आपला घोडाच त्यांच्या हवाली केला आणि काम झाल्यावर परत येथेच बांधून ठेवावा एवढेच सांगितले. आपल्या मालमत्तेला जपणाऱ्या, शेजाऱ्याकडे संशयाने पाहणाऱ्या जुन्या युरोपातून आलेल्या तरुणाला हा विश्वास नवा होता. एखादी वस्तू दोघांच्या उपयोगी पडल्याने तिचे मोल कमी होत नाही, हा धडा त्यांनी तेथे घेतला.

दोन महायुद्धे

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. प्रकृतीच्या कारणास्तव मोने यांना सैन्यात घेतले गेले नाही. परंतु व्यापाऱ्याच्या नजरेला एक गोष्ट दिसत होती. फ्रान्स आणि इंग्लंड हे मित्रदेश एकाच शत्रूशी लढत होते, पण गहू, कोळसा व शस्त्रसामग्री खरेदी करताना बाजारात एकमेकांशीच स्पर्धा करून भाव चढवत होते. दोघांची जहाजेही वेगवेगळी धावत होती. पॅरिसला धोका निर्माण झाल्याने फ्रान्सचे सरकार त्या सप्टेंबरात बोर्दो शहरी हलले होते. परिचयातील एका वकिलाच्या मध्यस्थीने पंचवीस वर्षांचे मोने तेथे पंतप्रधान रने व्हिव्हियानी यांना भेटले आणि दोन्ही देशांनी खरेदी व जहाजवाहतूक एकत्र करावी अशी सूचना त्यांनी मांडली. त्यांना लंडनला पाठवण्यात आले. अनेक अडथळ्यांनंतर, युद्धाच्या अखेरच्या काळात मित्रराष्ट्रांची जहाजे एका संयुक्त मंडळाच्या नियोजनाखाली आली.

युद्ध संपल्यावर राष्ट्रसंघाची स्थापना झाली आणि मोने तिचे उपमहासचिव झाले. त्या वेळी ते एकतीस वर्षांचेही नव्हते. येथे त्यांना एक कटू अनुभव आला. राष्ट्रसंघात महत्त्वाचा निर्णय एकमताने घ्यावा लागे, म्हणजे कोणत्याही एका देशाने नकार दिला की सर्वांचे काम थांबे. सद्भावना होती, पण तिला आधार देणारे नियम व अधिकार नव्हते. १९२३ साली अडचणीत आलेला कौटुंबिक व्यवसाय सावरण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला. पुढील काही वर्षे त्यांनी आंतरराष्ट्रीय बँकिंग क्षेत्रात घालवली. पोलंड व रुमानिया यांच्या चलनांना स्थैर्य देण्याच्या योजनांत त्यांचा वाटा होता आणि विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे १९३४ ते १९३६ या काळात, त्यांनी चीनमध्येही काम केले.

दुसरे महायुद्ध सुरू होताच ते पुन्हा लंडनला फ्रेंच-ब्रिटिश समन्वय समितीचे अध्यक्ष झाले. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळत असताना त्यांनी एक धाडसी मसुदा पुढे केला. त्यानुसार फ्रान्स व ब्रिटन यांनी तात्काळ एक राष्ट्र व्हावे, एकच संसद, एकच सैन्य असावे, असे सुचवले होते. १६ जून रोजी चर्चिल यांच्या मंत्रिमंडळाने त्यास मान्यताही दिली. परंतु त्याच संध्याकाळी फ्रान्सच्या पंतप्रधानांनी राजीनामा दिला, त्यांच्या जागी आलेल्या मार्शल पेताँ यांनी जर्मनीकडे युद्धविरामाची मागणी केली आणि तो प्रस्ताव इतिहासजमा झाला.

मोने खचले नाहीत. ते ब्रिटिश सरकारच्या सेवेत वॉशिंग्टनला गेले. अमेरिकेने विमाने, रणगाडे व जहाजे यांचे उत्पादन प्रचंड प्रमाणात वाढवावे, यासाठी त्यांनी तेथील अधिकाऱ्यांचे मन वळवण्यात महत्त्वाची भूमिका बजावली. १९४३ साली ते अल्जीरियात गेले आणि द गॉल यांच्या सहभागाने स्थापन झालेल्या फ्रेंच राष्ट्रीय मुक्ती समितीचे सदस्य झाले.

कुटुंब आणि श्रद्धा

मोने यांच्या सार्वजनिक जीवनाबरोबरच त्यांच्या घरच्या जीवनाचाही उल्लेख करावा लागेल, कारण कॅथोलिक वाचकांना त्यात विचार करण्याजोगे बरेच आहे. १९२९ साली पॅरिस येथे त्यांची भेट सिल्विया या इटालियन चित्रकार तरुणीशी झाली. ती नुकतीच विवाहबद्ध झाली होती. दोघांचे प्रेम जुळले. इटलीच्या त्या वेळच्या कायद्यात घटस्फोटाची तरतूद नव्हती. अखेर १९३४ साली मॉस्को येथे त्यांनी नागरी पद्धतीने विवाह केला. सिल्विया कॅथोलिक श्रद्धेत वाढलेल्या होत्या, त्यामुळे ख्रिस्तसभेच्या दृष्टीने आपला संसार विधिवत नाही ही खंत त्यांना दीर्घकाळ होती. पहिल्या पतीच्या निधनानंतर १९७४ साली, मोने पंच्याऐंशी वर्षांचे असताना, या दांपत्याने लूर्द येथे ख्रिस्तसभेच्या नियमानुसार विवाहाचा संस्कार स्वीकारला. चाळीस वर्षांच्या प्रतीक्षेनंतर हे घडले.

त्यांची धाकटी बहीण मारी-लुईझ हिचे नावही आपल्याला ठाऊक असायला हवे. फ्रान्समधील प्रापंचिकांच्या कॅथोलिक चळवळीला तिने आयुष्य वाहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे तिसरे सत्र सप्टेंबर १९६४ मध्ये सुरू झाले तेव्हा पोप सहावे पॉल यांनी महिलांना प्रथमच श्रोता म्हणून उपस्थित राहण्याची अनुमती दिली. त्या मानाच्या जागी नियुक्त झालेली पहिली प्रापंचिक महिला म्हणजे मारी-लुईझ मोने. भाऊ राष्ट्रांना एका टेबलावर बसवण्यासाठी झटत होता, तर बहीण ख्रिस्तसभेच्या टेबलावर प्रापंचिकांना जागा मिळवून देत होती.

कोळसा आणि पोलाद

युद्धानंतर १९४६ साली मोने फ्रान्सच्या राष्ट्रीय नियोजनाचे प्रमुख झाले. कोळसा, वीज, पोलाद, सिमेंट, शेतीची यंत्रे व वाहतूक या मूलभूत क्षेत्रांची उभारणी प्रथम करावी, असे त्यांचे धोरण होते. परंतु फ्रान्सच्या पोलाद कारखान्यांना जर्मनीच्या रुर खोऱ्यातील कोळशाची गरज होती. जर्मनीचे उद्योग जसजसे उभे राहू लागले, तसतसे जुने भय पुन्हा डोके वर काढू लागले. १८७०, १९१४ आणि १९३९ अशा तीन युद्धांचा अनुभव सत्तर वर्षांच्या आत आला होता. शत्रूला दडपून ठेवावे तर सूड पेटतो, मोकळे सोडावे तर भीती वाढते, असा हा पेच होता.

१९५० च्या वसंत ऋतूत आल्प्सच्या डोंगरात पायी भटकंती करून मोने परतले, तेव्हा त्यांच्या मनात उत्तर तयार होते. तोफा व रणगाडे ज्यापासून बनतात तो कोळसा आणि ते पोलाद दोन्ही देशांनी एका समान, स्वतंत्र मंडळाच्या हाती द्यावे. या मंडळाचे निर्णय सर्वांवर बंधनकारक असावेत. इतर देशांनाही त्यात येण्याची मुभा असावी. असे झाले की एकाने दुसऱ्याविरुद्ध गुपचूप युद्धाची तयारी करणे अशक्य होईल. कायदेपंडित पॉल रतेर तसेच एत्येन इर्श व पिएर उरी या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी या मसुद्याची पुनःपुन्हा मांडणी केली. एकूण नऊ मसुदे झाले.

हा विचार पेलण्यासाठी राजकीय धैर्य असलेला मंत्री हवा होता. तो फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांच्या रूपाने लाभला. लक्झेंबर्ग येथे जन्मलेले, लोरेनच्या सीमाप्रांतातील, आधी जर्मन व नंतर फ्रेंच नागरिक झालेले शुमान हे युद्धाची झळ स्वतः सोसलेले श्रद्धावंत कॅथोलिक होते. गेस्टापोने त्यांना अटक केली होती. दररोज मिस्साबलिदानाला उपस्थित राहणारा हा अविवाहित गृहस्थ मसुदा घेऊन शनिवार-रविवारच्या सुट्टीत लोरेनमधील आपल्या घरी गेला आणि सोमवारी होकार घेऊन परतला. जर्मनीचे चान्सलर कोनराड आडेनाउर यांनीही दूतामार्फत आलेल्या पत्राला तत्काळ संमती दर्शवली. ९ मे १९५० रोजी सायंकाळी पॅरिसच्या परराष्ट्र मंत्रालयात शुमान यांनी ती ऐतिहासिक घोषणा केली. युरोप आज हा दिवस युरोप दिन म्हणून साजरा करतो. पोप फ्रान्सिस यांनी १९ जून २०२१ रोजी शुमान यांच्या वीरोचित सद्गुणांना मान्यता दिली आणि संतपदाच्या वाटेवरील वंदनीय ही पायरी त्यांनी गाठली.

१८ एप्रिल १९५१ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या सहा देशांनी पॅरिसच्या करारावर सह्या केल्या. १९५२ च्या ऑगस्ट महिन्यात लक्झेंबर्ग येथे उच्च प्राधिकरणाचे काम सुरू झाले आणि मोने त्याचे पहिले अध्यक्ष झाले. वेगवेगळ्या देशांचे अधिकारी तेथे प्रथमच एका कार्यालयात बसून आपल्या देशाची नव्हे तर सर्वांची बाजू सांभाळू लागले.

तथापि, प्रत्येक पाऊल यशस्वी झाले असे नाही. मोने यांच्या प्रेरणेने पुढे आलेला समान युरोपीय सैन्याचा करार ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्याच संसदेने मोडीत काढला. त्यानंतर त्यांनी अध्यक्षपद सोडण्याचा निर्णय घेतला. १९५५ साली त्यांनी राजकीय पक्ष व कामगार संघटना यांच्या नेत्यांची एक कृती समिती स्थापन केली आणि ती वीस वर्षे चालवली. २५ मार्च १९५७ रोजी झालेल्या रोमच्या करारामुळे समान बाजारपेठेचा पाया घातला गेला. द गॉल यांनी दोनदा अडवलेला ब्रिटनचा प्रवेश १ जानेवारी १९७३ रोजी झाला. या दोन्ही घटनांमागे या समितीचे शांत परिश्रम होते.

विद्यापीठाच्या दारात

एव्हाना एक नवीन अडचण जाणवू लागली होती. संस्था उभ्या राहिल्या होत्या, पण त्यांचे स्वरूप समजावून सांगणारे कोण? कायद्याच्या विद्याशाखेत एक तर देशाचा कायदा शिकवला जाई किंवा सार्वभौम राष्ट्रांमधील आंतरराष्ट्रीय कायदा. हा नवा समुदाय या दोन्हींत बसत नव्हता. याचे उत्तम उदाहरण १९६३ साली लक्झेंबर्गच्या न्यायालयात मिळाले. जर्मनीहून रसायन आयात करणाऱ्या एका डच वाहतूक कंपनीने, आपल्यावर लावलेले वाढीव सीमाशुल्क कराराच्या विरुद्ध आहे, अशी तक्रार केली होती. राष्ट्रांमधील करार केवळ सरकारांनाच बांधतो असे नाही, तर सामान्य नागरिकही त्याआधारे आपल्या देशाच्या न्यायालयात हक्क मागू शकतो, असा निकाल न्यायाधीशांनी दिला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात, समुदायाचा कायदा व देशाचा कायदा यांत विरोध आल्यास समुदायाचा कायदा श्रेष्ठ, असे न्यायालयाने ठरवले. वकील, न्यायाधीश, अर्थतज्ज्ञ, इतिहासकार यांना हे सर्व नव्याने शिकावे लागणार होते.

मोने यांनी ही गरज आधीच ओळखली होती. त्यांचे निकटचे सहकारी माक्स कोनस्टाम हे डच गृहस्थ होते. नाझींच्या ताब्यातील छावणीत त्यांनी कैद भोगली होती आणि तरीही जर्मनांशी सलोख्याच्या कामात ते पहिल्यापासून उतरले होते. १९५८ साली या दोघांनी युरोपीय समुदायाविषयी विद्यापीठांतील अभ्यासास चालना देणारी एक संस्था सुरू केली. तिला अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनचे आर्थिक साहाय्य लाभले. विद्यापीठांतील प्राध्यापकांना संशोधनासाठी मदत करावी, निरनिराळ्या देशांतील अभ्यासकांची गाठ घालून द्यावी, हे तिचे काम होते. पुस्तके बरोबर नेऊ नकोस असा सल्ला मिळालेला मुलगा उतारवयात पुस्तके लिहिणाऱ्यांचा आधार झाला.

या क्षेत्रात दुसऱ्यांचेही प्रयत्न चालू होतेच. बेल्जियमच्या ब्रूज शहरात १९४९ सालीच युरोप महाविद्यालय सुरू झाले होते. तेथे विविध देशांचे पदवीधर एकत्र राहून शिकत. १९७२ साली सहा देशांनी इटलीतील फ्लॉरेन्सजवळ युरोपीय विद्यापीठ संस्था स्थापन करण्याचा करार केला. १९७६ साली फिएझोलेच्या टेकडीवरील एका जुन्या मठाच्या वास्तूत तिचे वर्ग भरू लागले आणि तिचे पहिले प्रमुख कोनस्टाम हेच झाले. युरोपीय संस्थांची ऐतिहासिक कागदपत्रे याच विद्यापीठ संस्थेच्या देखरेखीखाली अभ्यासकांसाठी जतन केली जातात. मोने यांनी आपली स्वतःची कागदपत्रे मात्र स्वित्झर्लंडमधील लोझान येथे प्राध्यापक आन्री रिबेन यांनी उभारलेल्या प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केली. तेथील विद्यापीठाच्या परिसरातील एका जुन्या शेतघरात ती ठेवलेली आहेत.

अखेरची वर्षे

पॅरिसच्या पश्चिमेस ऊजारे या खेड्यात गवताने शाकारलेल्या छपराचे मोने यांचे घर होते. दररोज सकाळी ते रानातून दूरवर फिरून येत आणि नंतरच कामाला बसत. १९७५ साली त्यांनी कृती समिती विसर्जित केली. १९७६ मध्ये त्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या आणि त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात युरोपातील राष्ट्रप्रमुखांनी त्यांना युरोपचे मानद नागरिक ही पदवी दिली. हा सन्मान मिळालेले ते पहिलेच. १६ मार्च १९७९ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी ऊजारे येथील घरी त्यांचे निधन झाले. जवळच्या चर्चमध्ये झालेल्या अंत्यविधीला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ व जर्मनीचे चान्सलर हेल्मुट श्मिट उपस्थित होते. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, ९ नोव्हेंबर १९८८ रोजी, त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकात हलवण्यात आले.

अध्यासनांची परंपरा

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, युरोपीय आयोगाने ज्याँ मोने कार्यक्रम सुरू केला आणि १९९० पासून विद्यापीठांना प्रत्यक्ष मदत मिळू लागली. कायदा, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र व इतिहास या विषयांवर आरंभी भर होता. त्यावेळची अट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. आयोगाने पहिली तीन वर्षे आर्थिक भार उचलावा आणि त्यानंतर किमान चार वर्षे विद्यापीठाने तो विषय स्वबळावर चालू ठेवावा. दान संपले की काम संपले, असे होऊ नये हा त्यामागचा हेतू.

कार्यक्रमाच्या प्रमुख शाखा तीन आहेत. पहिली अध्यासनाची. यात एक प्राध्यापक तीन वर्षे, प्रत्येक शैक्षणिक वर्षात किमान नव्वद तास युरोपीय विषय शिकवतो. दुसरी लहान अभ्यासक्रमाची. यात वर्षाला किमान चाळीस तासांचे अध्यापन असते, त्यामुळे वैद्यक, पत्रकारिता किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही विषयाची ओळख होऊ शकते. तिसरी उत्कृष्टता केंद्राची. येथे अनेक विद्याशाखांचे तज्ज्ञ एकत्र येऊन संशोधन करतात. ब्रूजचे महाविद्यालय व फ्लॉरेन्सची संस्था यांनाही याच कार्यक्रमातून साहाय्य मिळते. २००१ पासून युरोपीय संघाबाहेरील देशांनाही दार उघडले गेले. २०१४ पासून हा कार्यक्रम एरास्मस प्लस या व्यापक योजनेचा भाग झाला, आणि २०२१ नंतर शाळांतील शिक्षणापर्यंत त्याची व्याप्ती वाढवण्यात आली. आपल्या देशात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाला तसेच कर्नाटकातील मणिपालच्या युरोप अभ्यास केंद्राला या कार्यक्रमाचे पाठबळ लाभलेले आहे.

या उपक्रमावर टीकाही झाली आहे. जी संस्था पैसे देते तिच्याविषयी प्राध्यापक मोकळेपणाने कसे बोलणार, असा प्रश्न टीकाकार विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्यावर उत्तर असे दिले जाते की, प्राध्यापकाची नेमणूक विद्यापीठ करते, निष्कर्ष काढण्याचे स्वातंत्र्य त्याच्याकडे राहते आणि अभ्यासात टीकेलाही स्थान असते. या उत्तराने सर्वांचे समाधान झालेले नाही. म्हणूनच अशा अध्यासनाची खरी कसोटी पुस्तकांच्या संख्येवर ठरत नाही. वर्गात विद्यार्थ्याला उलट प्रश्न विचारता येतो की नाही, यावर ती ठरते.

मोने यांच्या कार्यपद्धतीतील उणीवही येथेच दिसते. त्यांनी बंद दाराआड, मोजक्या व्यक्तींना पटवून मोठी कामे केली. सामान्य माणूस मागाहून समजून घेईल, असा त्यांचा भरवसा होता. परंतु २००५ साली फ्रान्स व नेदरलँड्स येथील मतदारांनी युरोपीय राज्यघटनेचा करार फेटाळला. २०१६ च्या सार्वमतानंतर ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडला. लोकांना बरोबर न घेता बांधलेली इमारत कितीही भक्कम असली, तरी तिच्यात राहणाऱ्यांना ती आपली वाटावी लागते. पुन्हा आरंभ करावयाचा झाल्यास आपण संस्कृतीपासून सुरुवात करू, अशा अर्थाचे एक वाक्य मोने यांच्या नावावर वारंवार सांगितले जाते. ते त्यांनी उच्चारल्याचा पुरावा नाही. मात्र लोकांना ते त्यांच्या तोंडी घालावेसे वाटले, यावरून शिक्षणाची व समजुतीची उणीव किती जाणवत होती हे कळून येते.

आपल्यासाठी बोध

मोने यांच्या जीवनाकडे पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. माणसाचा स्वभाव एका रात्रीत बदलत नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी शत्रूंना प्रथम प्रेमाचा उपदेश केला नाही. त्यांनी दोघांना एक समान काम दिले, त्याला समान नियम दिले आणि ते नियम सांभाळणारी संस्था दिली. एकत्र काम करता करता संशय ओसरतो, हा त्यांचा अनुभव होता. व्यक्ती येतात आणि जातात. त्यांनी मिळवलेले शहाणपण मागे ठेवायचे असेल तर ते संस्थेत साठवावे लागते आणि पुढच्या पिढीला शिकवावे लागते. कोळसा व पोलाद समुदायाचा करार पन्नास वर्षांचा होता, तो २३ जुलै २००२ रोजी संपला. त्या कराराने शिकवलेला धडा मात्र अध्यासनांमधून आजही शिकवला जातो.

समझोता झाल्यानंतरही, तो कशासाठी झाला होता हे मुलांना कोणी सांगितले नाही तर दुसऱ्या पिढीत तो विस्मरणात जातो. विहिरीच्या पाण्यावरून, बांधावरून किंवा वारशावरून भांडलेल्या घराण्यांत जे घडते तेच राष्ट्रांतही घडते. युद्ध पाहिलेली पिढी काळाआड गेल्यावर शांततेचे मोल केवळ अभ्यासानेच कळू शकते. आपल्या धर्मग्रामांतील जे तरुण-तरुणी कायदा, इतिहास किंवा राज्यशास्त्र शिकत आहेत, त्यांनी या विषयाकडे जरूर लक्ष द्यावे. युरोपातील शिष्यवृत्त्यांची दारे भारतीय विद्यार्थ्यांनाही खुली आहेत. आणि ज्यांना विद्यापीठात जाण्याची संधी मिळाली नाही, त्यांनीही निराश होऊ नये. खिडकीतून बाहेर पाहणे व माणसांशी बोलणे हे शिक्षण घेतलेल्या एका मुलाच्या नावाने आज पंडित अध्यासनावर बसतात.